उलट्या फोटोवरून शिकलेला हात

आमच्या ह्यांना नावाने कुणी हाक मारत नाही. दुकानात ते मास्तर आणि मैदानावर उलटे मास्तर. कात्री, सुई, खडू सगळं उजव्या हातात, गोलंदाजी तेवढी डाव्या हाताने. असला चमत्कारिक माणूस माझ्याच पदरात पडायचा होता. आणि याचं सगळं खापर वर्तमानपत्रातल्या एका फोटोवर फोडायला हवं.

ह्यांच्या तरुणपणी एक फिरकी गोलंदाज फार गाजत होता. लोक त्याला भोवरा म्हणायचे. त्याच्या हाताचा मोठा फोटो छापून आला, चेंडू कसा धरतो, पहिलं बोट शिवणीवर कसं ताणतो ते दाखवणारा. ह्यांनी तो कापून शिलाई मशीनसमोर चिकटवला आणि पाच वर्षं अगदी तसाच चेंडू धरून वळवला. त्याला खेळताना आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. फोटोत हात डावा, म्हणून ह्यांचाही डावा. क्लबात बळी मिळायला लागले, नाव झालं.

आमच्या लग्नानंतर शेजारी टीव्ही आला. सामना बघायला सगळे जमलो. भोवरा धावत आला आणि त्याने उजव्या हाताने चेंडू टाकला. अख्खी खोली वळून ह्यांच्याकडे बघायला लागली. वर्तमानपत्रवाल्यांनी फोटो उलटा छापला होता, आरशात दिसतो तसा. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. हे त्या दिवशी जेवले नाहीत.

“मग बदला ना हात,” मी म्हटलं.

“बोटाला घट्टा पडलाय,” हे म्हणाले, “तो कुठे नेऊन ठेवू?”

तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात एकच भुंगा. उलट्या फोटोवरून शिकलेली आपली पकड खरी की नुसतं सोंग? हे सांगू शकेल असा माणूस जगात एकच. तीस वर्षं मी तो भुंगा ऐकत काजं शिवली.

गेल्या वर्षी एका पंख्याच्या कंपनीने जाहिरातीसाठी त्या भोवऱ्यालाच आणलं. चित्रीकरण जवळच्या शेडमध्ये होतं आणि कपड्यांचं काम आमच्याकडे आलं. साहेबांचं पोट सुटलेलं, पांढऱ्या पँटची कंबर दोन इंच सैल करायची होती. माप घेताना ह्यांनी तीच कंबर तीनदा मोजली. तोंडातून मात्र “श्वास सोडा, साहेब,” एवढंच निघालं. चांगली संधी घालवली म्हणून मी चिडले.

चित्रीकरणाच्या दिवशी कपडे घेऊन आम्ही दोघं शेडमध्येच थांबलो. जाहिरात साधी होती. साहेबांनी बोटांनी चेंडू भिरकी देऊन वर उडवायचा, आणि वर पंखा फिरायला लागणार. पण साहेबांचं पहिलं बोट सांध्यात सुजून लाकडासारखं झालेलं. चेंडू वळेचना. हातातून निसटायचा, जमिनीवर आपटायचा, दिव्यांच्या तारांखाली घरंगळत जायचा. साहेब दर वेळी “माफ करा” म्हणायचे. ज्या माणसाने भल्याभल्यांना नाचवलं, त्याने पंख्याच्या कंपनीची माफी मागावी. नवव्या खेपेला दिग्दर्शक बाईंनी त्यांना आत विश्रांतीला पाठवलं.

हे कोपऱ्यात उभे होते. हातात दोऱ्याचं रीळ, आणि डाव्या बोटांत ते नकळत भिरभिरत होतं. कॅमेरावाल्याने ते बघितलं.

“मास्तर, तुमचा नुसता हात घेऊ,” बाई म्हणाल्या. “डावा असला तरी चालेल, चित्र उलटं करता येतं. मात्र साहेबांना कळता कामा नये, त्यांना लागेल.”

“आणि तुमचा प्रश्न?” मी ह्यांच्या कानात विचारलं. हात चोरून द्यायचा म्हणजे आता विचारायची सोयच राहिली नाही.

“राहू दे. त्यांच्या हातून तो चेंडू परत पडलेला मला बघवायचा नाही.”

ह्यांनी स्वतः शिवलेली पांढरी बाही चढवली. एकदाच चेंडू वळवला. शिवण दिसेनाशी झाली आणि चेंडू गुणगुणत वर गेला. मी एवढी वर्षं ज्या खुळाला नावं ठेवली, ते खूळ इतकं देखणं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

चित्र उलटं करून पडद्यावर लावलं आणि तेवढ्यात साहेब बाहेर आले. वाकून बघत राहिले.

“हे माझं कुठल्या सामन्यातलं काढलंत?” त्यांनी विचारलं.

माझी जीभ वळवळायला लागली तसा ह्यांनी माझा पाय दाबला.

“जुनं असेल, साहेब,” हे म्हणाले.

“काय बोट चालायचं तेव्हा,” म्हणून साहेबांनी ते परत लावायला सांगितलं. तीनदा बघितलं.

निघताना ते सगळ्यांशी हात मिळवत आमच्यापर्यंत आले. आता ह्यांना जन्माची खोड, रीळ पुन्हा डाव्या बोटांत फिरत होतं. साहेब थांबले. रिळाकडे बघितलं, मग पडद्याकडे. ह्यांनी घाईने रीळ खिशात टाकलं आणि उजवा हात पुढे केला. साहेबांनी तो घेतला नाही. “तो दुसरा द्या,” म्हणाले.

ह्यांचा डावा हात हातात घेऊन त्यांनी पहिल्या बोटावरच्या घट्ट्यावरून अंगठा फिरवला. मग आपलं सुजलेलं उजवं बोट त्याच्या शेजारी धरलं. घट्टा तिथेही होता, अगदी त्याच जागी.

“कुणाकडे शिकलात?”

“तुमच्याकडेच,” हे म्हणाले. फोटोची सगळी गोष्ट मीच सांगितली. साहेब हसले नाहीत. हात मात्र बराच वेळ धरून होते.

हल्ली जाहिरात लागली की शेजारचे भाऊजी म्हणतात, “या वयात साहेबांचं बोट बघा, मास्तर. शिका काहीतरी.” हे सुईत दोरा ओवत मान डोलावतात आणि म्हणतात, “खरंय, बोट त्यांचंच.” मी काजं शिवत गप्प बसते, आणि हे मला सोपं जात नाही.