व्याह्यांची नको-यादी

आमच्या व्याह्यांसारखा माणूस अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात दुसरा नसेल. कोणती गोष्ट कधी मोडणार, हे ती मोडायच्या आधी सांगणारा माणूस हो! मोडल्यावर तर कोणीही सांगतं. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि मी त्यांची इहीनबाई. माझी लेक पाहायला ही मंडळी पहिल्यांदा घरी आली, तेव्हा बाकी सगळे मुलीकडे पाहत होते आणि हे वर पंख्याकडे. मला वाटलं, लाजाळू आहेत. चिवड्याची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "हा हूक घासला आहे. दिवाळीपर्यंत चालेल." मुलगी पसंत आहे की नाही ते बोललेच नाहीत. पंखा धनत्रयोदशीला खाली आला. तोवर लग्न होऊन गेलं होतं, नाहीतर मी त्या पंख्यालाच कौल मानलं असतं.

त्यांचं कामच तसं होतं. तिरोडीकडच्या मँगनीजच्या खाणीत उतारावरून डबे ओढणारा लोखंडी दोर तपासायचं काम त्यांनी तीस वर्षं केलं. दोरावर सुती चिंधी धरायची आणि दोर हळूहळू सरकू द्यायचा. कुठं एखादी बारीक तार तुटलेली असली की चिंधी अडकते. अडकली की काम बंद, दोर बदला. वरचे साहेब ओरडोत की खालचे लोक. रिटायर झाले, बालाघाटला मुलाजवळ राहायला आले, पण ती चिंधी काही हातातून सुटली नाही. लग्नाच्या पंगतीत बसले की भाजी खाण्याआधी वाढणाऱ्याचा हात पाहतात. किरनापूरच्या बसमध्ये चढायच्या आधी ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभे राहून त्याला तीनदा राम राम घालतात, तो किती वेळानं ऐकतो ते पाहायला. एकदा तिसऱ्या राम रामाला ड्रायव्हर म्हणाला, "ओ चाचा, बैठना है कि आशीर्वाद देना है?" तेव्हा कुठं हे चढले.

आता अशा माणसाच्या हाती विलायती फुटबॉल कसा लागला, ते सांगते. माझी लेक, माझा जावई आणि त्यांच्या ऑफिसातले, शेजारचे मिळून आठ जण फोनवर एक लीग खेळतात. श्रावणातल्या एका रविवारी सकाळी सगळे माझ्या घरी जमतात, कारण माझ्या दिवाणखान्यात आठ माणसं मावतात आणि माझे पोहे बरे असतात. मग एकेकानं आळीपाळीनं एकेक खेळाडू घ्यायचा, याला ते ड्राफ्ट म्हणतात. एकानं घेतला की तो दुसऱ्याला मिळत नाही. पुढे वर्षभर तो खरोखरचा खेळाडू तिकडे विलायतेत जसा खेळेल, तसे इकडे आपल्याला गुण. जिंकणाऱ्याचं नाव पितळेच्या गडूवर टाकतात, लग्नातल्या भांड्यांवर टाकतात तसं. त्या गडूसाठी नवरा-बायको आठ-आठ दिवस अबोला धरतात, हे मी डोळ्यानं पाहिलेलं आहे.

पहिल्या वर्षी व्याही नुसते पोहे खायला आले होते. जावयानं मोठ्या थाटात एक नावाजलेला खेळाडू पहिल्याच फेरीत घेतला. आदल्या साली त्यानं म्हणे गोलांचा पाऊस पाडला होता. व्याह्यांनी मुलाचा फोन घेतला, लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "हा उतरला." जावई म्हणाला, "बाबा, तुम्हाले ऑफसाइड माहीत नाही आणि हा उतरला म्हणून राह्यले?" ते म्हणाले, "मले दोर माहीत आहे." दसऱ्यापर्यंत तो खेळाडू बाकावर बसला होता. तेव्हापासून लेक त्यांना सोडायची नाही. "मामाजी, पाहा ना," करून रोज सकाळी चहाबरोबर आदल्या रात्रीचे सामने त्यांच्या पुढ्यात. आणि ते दरवर्षी ड्राफ्टच्या आधी वहीच्या पानावर एक यादी करून तिला द्यायचे. घ्यायचं कोणाला, ते कधी लिहिलं नाही. नुसतं, कोणाला घेऊ नये. आम्ही तिला नको-यादी म्हणतो.

विलायती नावं त्यांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. एक जाडजूड बचाव करणारा, तो लामता गावचा ट्रॅक्टरवाला. एक सारखा पंचाशी भांडणारा, तो सरपंच. आणि एक उंच, कपाळावरचे केस गेलेला, हात मागे बांधून मैदानात फिरणारा, तो मास्तर. यादीत हीच नावं. सरपंचापुढे लिहिलेलं, "तोंड वाढलं, पाय कमी झाला." मी विचारलं, हे कसं कळतं हो तुम्हाला? तर सकाळची कामं सोडून त्यांनी मला शिकवणीच लावली. "इहीनबाई, गोल कायले मोजता? त्याच्यात पेनल्टीचे किती ते पाहा. पेनल्टी माराले पाय लागते, पळाले जीव लागते. अन् वळते कसा ते पाहा. जवान गडी चुलीएवढ्या जागेत वळते. उतरलेला बैलगाडीसारखा वळते, त्याले अख्खं वावर पाहिजे." मी म्हटलं, "आणखी?" तर म्हणाले, "जो बोट दाखवून दुसऱ्याले पळवते ना, तो गेला. पहिले स्वतः पळत होता, आता बोट पळून राह्यलं." तीन दिवसांच्या आत दुसरा सामना असला की त्यांना फार आनंद. पहिल्या सामन्यात सगळेच वाघ असतात म्हणे, खरं काय ते दुसऱ्यात दिसतं. मला तर त्यानंतर कोणाकडे सरळ पाहता येईना. आमच्या दूधवाल्याला मी आठ दिवस फाटकात वळताना पाहत होते.

त्या यादीवर लेकीनं दोनदा गडू नेला. तिच्यापुढे जावयाचं काही चालेना. आणि मग गेल्या साली व्याह्यांनी यादीत पहिलंच नाव लिहिलं ते मास्तरचं. "मास्तर संपला. वळाले वेळ लावते. घेऊ नका." लेकीला तो फार आवडायचा, पण तिनं सोडला. व्याह्यांनी नको म्हटलेला म्हणून कोणीच घेत नव्हतं, तो शेवटच्या फेरीत हसत हसत जावयानं घेतला. आणि मास्तर काय खेळला हो! दर आठवड्याला माझ्या फोनवर जावयाचा निरोप यायचा, "आई, मास्तर ने फिर क्लास ली." गडू जावयाकडे गेला. लेक दुसरी आली. चिडली थोडी, दोन दिवसांत विसरली.

व्याही विसरले नाहीत. सामने पाहणं बंद. चहा घेऊन सरळ ओट्यावर जाऊन बसायचे. यंदा श्रावण लागला तशी लेक वही घेऊन गेली, तर त्यांनी यादी दिली, पण तिच्यावर एकच नाव. स्वतःचं. खाली लिहिलेलं, "नजर उतरली. विचारू नका." लेकीनं तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आई, नुसतं फुटबॉल सोडलं असतं तर मी काही बोलली नसती. ते आता कशाहीबद्दल बोलतच नाहीत. मी विचारलं गॅसची नळी बदलू का, तर म्हणाले, मले काय विचारता."

तेव्हा मी उठले आणि त्यांच्याकडे गेले. ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "इवाईबुवा, तुम्ही चांगल्या दोराले वाईट म्हटलं. वाईटाले चांगलं तर नाही ना म्हटलं? कोणाचा जीव गेला? एक गडू गेला, तोही घरातच आहे."

त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "चांगल्याले वाईट म्हणणं लहान गोष्ट आहे काय, इहीनबाई?" आणि मग जे सांगितलं ते त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं. त्यांना दोर पाहायला ज्यानं शिकवलं, तो त्यांचा उस्ताद. चिंधी कशी धरायची, किती दाबायची, सगळं त्यानं दाखवलेलं. एक दिवस उस्तादानं पाहून दिलेल्या दोरावर यांची चिंधी अडकली. यांनी वर जाऊन सांगितलं, उस्तादाले आता दिसत नाही. उस्तादाला फाटकावर बसवलं आणि त्याचं काम यांना मिळालं. "तो मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. एका तारेचं काय, ती तपासल्यावरही तुटू शकते. त्याची नजर गेलती का नव्हती गेली, मले आजही माहीत नाही. पण मी सांगितलं तं असं, जसं काही माहीतच आहे. मास्तरचंही तसंच केलं मी."

मी एवढंच म्हटलं, "रविवारी पोहे आहेत. यादी आणू नका. पण या." ते म्हणाले, "पाहू." आमच्याकडे पाहू म्हणजे बहुतेक नाही असतं.

रविवारी सगळे जमले. जावई म्हणाला, "चला, शुरू करू," आणि लेक म्हणाली, "दहा मिनिटं." दहाची वीस झाली. पोहे मी दुसऱ्यांदा गरम केले. शेजारचा एक जण म्हणाला, "भाभी, शाम तक बिठाओगे क्या?" तेव्हा फाटक वाजलं. व्याही आले. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, खिशात कागद नाही. खुर्चीवर बसले, कोणाकडे पाहिलं नाही. पोह्यांवरची शेव तेवढी बाजूला केली.

तिसऱ्या फेरीत लेकीची पाळी आली आणि मास्तर अजून शिल्लक होता. आता आणखी एका वर्षानं म्हातारा. तिनं मास्तरच्या सामन्याचा व्हिडिओ लावून फोन त्यांच्यापुढे धरला. "मामाजी, मास्तरचं काय करू?" जावयाचा घास हातातच. व्याह्यांनी फोन लांब धरला, मास्तर वळताना पाहिला, मग पुन्हा मागे नेऊन पाहिला, मग पुन्हा. आणि म्हणाले, "माहीत नाही, बाई."

त्यांच्या तोंडून हे शब्द त्यांच्या मुलानं जन्मात ऐकले नव्हते. तो बापाकडे बघतच राहिला. लेक म्हणाली, "मग घेते."

"काहून? सांगितलं ना, माहीत नाही."

"हौ. नाही म्हणाले असते तर सोडला असता. माहीत नाही म्हणाले, म्हणून घेऊन राह्यली."

व्याह्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसला. मग प्लेट पुढे करून म्हणाले, "थोडे पोहे द्या, इहीनबाई."

लेक यंदा पाचवी आहे. वर येईल असं काही दिसत नाही. मास्तर कधी खेळतो, कधी बाकावर बसतो, कधी दहा मिनिटांसाठी येतो. व्याही आता यादी करत नाहीत. पण सामना झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजतो, आणि दूरच्या गावच्या सोयऱ्याची खुशाली सांगावी तसं ते सांगतात, "काल उतरला होता मैदानात. बरा होता." परवा मी विचारलं, "इवाईबुवा, खरं सांगा, किती दिवस चालेल हो तो?" पलीकडे कपबशी वाजली. चहा बशीत ओतत असावेत. मग म्हणाले, "काल चालला ना. बस."