मान माझा, स्टिअरिंग तिचं

गोल्फ नावाचा खेळ मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही, आणि आता पाहायची हौसही उरलेली नाही. मला तो समजावून सांगितला माझ्या भाचीनं. हिरवळीवर चेंडू ठेवायचा, काठीनं जीव खाऊन लांब मारायचा, आणि मग तिथवर चालायचा कंटाळा येतो म्हणून गाडीत बसून जायचं. "अगं, मग इतक्या लांब मारायचा कशाला?" मी म्हटलं. आमच्याकडं विटी लांब गेली तर पोरं धावत जाऊन आणतात. त्यासाठी कुणी गाडी काढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तर ती गाडी आमच्या गावात आली आणि तिनं आमची सगळ्यांची लायकी काढली. जव्हारच्या अलीकडे एक रिसॉर्ट आहे. थंड हवा खायला मुंबईची माणसं येतात. त्यांना गेटपासून खोलीपर्यंत पाय झिजवायला लागू नयेत म्हणून मालकानं या बॅटरीच्या गाड्या ठेवलेल्या. गोल्फ तिथं कुणी खेळत नाही. दोन म्हशी सोडल्या तर दुपारपर्यंत संपेल एवढी ती हिरवळ. नव्या गाड्या आल्या तेव्हा मालकानं एक जुनी आमच्या ग्रामपंचायतीला देऊन टाकली, गावातल्या डोकऱ्या, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात आणि बाजाराला न्यायला म्हणून. वर छप्पर, बाजूला दारं नाहीत, सहा माणसं बसतील एवढ्या सीटा. नारळ फुटला, फोटो निघाले, पेढे वाटले.

आमच्या सरपंच एक बाई आहेत. सह्या त्या करतात आणि कारभार त्यांचे यजमान करतात, त्यामुळं पहिल्यांदा चालवायला यजमानच बसले. बसल्या बसल्या खाली वाकून काहीतरी शोधायला लागले. "क्लच कुठाय?" नाही. "गिअर?" तोही नाही. "मग चालवायचं काय डोंबल?" असं म्हणून त्यांनी रागानं पाय दाबला, तो गाडी थेट लावणी झालेल्या खाचरात. बाहेर काढायला अर्धा पाडा लागला. त्यानंतर गावातल्या एकाही बाप्याला तिच्यात रस राहिला नाही. आवाज करत नाही, धूर सोडत नाही, पळत नाही, ती कसली गाडी! पंचायतीच्या पडवीत तिच्या सीटवर कोंबड्या बसायला लागल्या.

माझी भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, तेव्हा सोळा वर्षांची. बहीण आणि मेहुणे दिवाळी झाली की ठाण्याकडं बांधकामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर शेतीला परततात. मी निवृत्त मास्तरीण, घरात एकटी, म्हणून पोरगी माझ्याकडं ठेवलेली. जव्हारला अकरावी सायन्सला घातली होती. मेहुण्यांनी साइटवर पोचल्या दिवशीच फोनवर बजावलं, "कॉलेज टाइम पे होता है तो ठीक. हजेरी कापली, नाव कापलं, तर गपचूप साइट पे यायचं. दोन हात वाढतील मला." साइटवरची हिंदी आणि गावची मराठी कालवून बोलतात ते. माणूस वाईट नाही, पण बोलला की करतो. म्हणजे पोरीनं पुस्तक धरायचं की विटा उचलायच्या, हे ती पहिल्या तासाला वर्गात पोचते की नाही यावर ठरणार होतं. आणि आमची एसटी यायची तेव्हा यायची. जीप होती, पण जीपवाला भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली कशाला म्हणायचं याला आमच्याकडं अंत नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत पोरीनं रिसॉर्टवर पाहुण्यांच्या बॅगा पोचवायचं काम केलं होतं, तिथंच ती ही गाडी शिकली. एके सकाळी तिनं पडवीतल्या कोंबड्या हाकलल्या, सीटा पुसल्या, कॉलेजच्या तीन मैत्रिणी बसवल्या, दवाखान्यात निघालेली एक डोकरी मागं बसवली आणि चालू पडली. मला विचारलं नाही की सांगितलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर मी तिला असं फैलावर घेतलं की शेजारीण भाकर तव्यावर टाकून बघायला आली.

"मेली असतीस म्हणजे?"

"मावशी, वाटेत एक म्हैस आम्हाला ओव्हरटेक करून गेली. मरायला तेवढा वेग तर पाहिजे!"

माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे की सोळा वर्षांच्या पोरांच्या हातात रस्त्यावर गाडी देऊ नये. आमची वळणं, वाळूचे ट्रक, आणि शनिवार-रविवारी धबधबे बघायला सुसाट येणारे मुंबईकर. या वयात हाडं पक्की असतात, अक्कल कच्ची असते. तीस-पस्तीस वर्षं पोरं वळली आहेत, मला सांगायला नको. पण मला पोरगी पहिल्या तासाला वर्गातही हवी होती. असं दोन्ही डगरींवर हात ठेवून मी रोज सकाळी दारात उभी राहायचे आणि ती वळणाआड गेली की देवाला हात जोडायचे.

इकडं जीपवाल्याच्या पोटात दुखायला लागलं. चार पोरी आणि बाजाराच्या दिवशी सगळे डोकरे हातचे गेले म्हटल्यावर दुखणारच. ग्रामसभेत तो उठला आणि म्हणाला, "माझं वैयक्तिक काही नाही. प्रश्न सुरक्षिततेचा आहे." हा माझाच विद्यार्थी. शाळेत असताना 'सुरक्षितता' शब्द कधी धड लिहिला नाही, आता बोलताना मात्र एक अक्षर चुकला नाही. "सोळा वर्षांची पोर हमरस्त्यावर गाडी चालवते. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

सगळ्यांनी गंभीर माना डोलावल्या. आता ज्या मोटारसायकलवरून हा गृहस्थ सभेला आला होता ती त्याचा आठवीतला पोरगा चालवत होता. मागं हा, त्याच्यामागं याचा भाऊ, आणि दोघांच्या मध्ये तांदळाची गोणी. माना डोलावणाऱ्यांत एक असाही होता की ज्यानं त्याच आठवड्यात आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला बघायला पाहुणे बोलावले होते. संसाराचा गाडा ओढायला सोळा वर्षं पुरतात म्हणे, बॅटरीचा गाडा चालवायला पुरत नाहीत.

मला राहवेना. मी उठले. "काय रे, तुझा पोरगा कितवीत आहे?"

"आठवीत, बाई."

"मग तो कसा चालवतो?"

"बाई, तो पोरगा आहे ना," तो म्हणाला. अगदी निरागसपणे, दोन अधिक दोन चार म्हणावं तसं.

यजमानांनी घसा साफ केला आणि गाडी बंद असं जाहीर करून टाकलं. तेवढ्यात सरपंचबाई बोलल्या. इतक्या सभा झाल्या, मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. म्हणाल्या, "गाव माझ्या नावावर आहे आणि चालवता तुम्ही. तुमचं लायसन कधी कुणी विचारलं का?" आधी बाया हसल्या, मग डोकरे, आणि शेवटी इलाज नाही म्हणून यजमान पण हसले.

तोडगा काढला तो बोहाड्याच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यानं. बोहाडा म्हणजे आमच्याकडचा मुखवट्यांचा उत्सव. एकेका देवाचं सोंग नाचवायचा मान एकेका घराचा असतो. मानकरी थकला की तो मुखवट्याला नुसता हात लावतो, कपाळ टेकतो, आणि तो मुखवटा घालून नाचतो दुसराच कुणी तरणा. मान त्याचा, नाच याचा. "देव कधी रागावला नाय," कारभारी म्हणाला. "तसंच करा. ज्याच्याकडं लायसन असल त्यानं सकाळी चाकाला हात लावायचा. मान त्याचा. मग पोरगी चालवल."

सभेला एकदम हलकं हलकं वाटलं. कायदा राहिला, गाडी राहिली, कुणाचं नाक खाली गेलं नाही. आता लायसन कुणाकडं आहे याची चौकशी सुरू झाली. जीपवाला एकदम छताकडं बघायला लागला. त्याचं म्हणे कुठं तरी नूतनीकरणाला गेलं होतं, ते गेलंच. यजमानांना लायसनाची गरज कधी पडली नव्हती. शेवटी निघालं फक्त माझ्याकडं. नोकरीत असताना स्कूटर घ्यायची म्हणून काढलेलं. स्कूटर काही घेतली नाही. अशा रीतीनं जिला गाडी चालवता येत नाही ती एकटीच कायद्यानं चालवायला लायक ठरली.

मग रोज सकाळी आंघोळ करून मी पडवीत जायचे आणि स्टिअरिंगला हात लावायचे. पहिल्या दिवशी कुणीतरी चाकांना हळदकुंकू वाहिलं. "मावशी, झाला का आशीर्वाद? उशीर होतोय," पोरगी करवादायची. पण नुसता हात लावून पोरीला सोडून द्यायला मी काही देव नव्हे. मी शेजारच्या सीटवर बसून जव्हारपर्यंत जायचे आणि दुपारी सगळ्यांना घेऊन परत यायचे. वळण आलं की मी नसलेला ब्रेक पायानं दाबायचे. मागं पोरी रसायनशास्त्राची सूत्रं मोठ्यानं म्हणायच्या, दवाखान्याची डोकरी त्यांना साथ द्यायची, आणि माझी भाची दोन्ही हात चाकावर, नजर समोर, हॉर्न वाजवल्याशिवाय एक वळण घेत नव्हती. मला ते दिवस फार आवडले. का खोटं बोलू?

एके दिवशी नाक्यावर पोलिसांच्या नवीन साहेबानं हात केला. गाडीभोवती एक फेरी मारली. "हे काय आहे?" नंबर नाही, हेडलाइट आहे, दार नाही, छप्पर आहे. रिक्षा म्हणावी तर चार चाकं, कार म्हणावी तर मागून सगळं मोकळं. वैतागून त्यानं विचारलं, "चालवतंय कोण?"

"मान माझा आहे," मी म्हटलं.

"बाई, मान राहू द्या. लायसन दाखवा."

मी दाखवलं. त्यातल्या फोटोत माझे केस काळेभोर होते, एवढ्यावरूनच तो काय ते समजला. मुदत कधीच संपली होती. त्यानं अगदी सभ्यपणे सांगितलं की ही गाडी रस्त्यासाठी नाहीच, आणि पोरीचं वयही बसत नाही. तो बोलत असताना बाजूनं आमची जीप गेली, टपावर माणसं, बॉनेटवर दोघं. तिला नंबर होता. साहेबानं तिला वाट करून दिली. त्याचं एक वाक्यही चूक नव्हतं, आणि मला त्याचीच चीड येत होती. गाडी जप्त झाली. पोरीनं खाली उतरून चावी त्याच्या हातात दिली आणि उरलेली वाट आम्ही सगळ्या जणी चालत गेलो. पहिला तास बुडाला.

पंचायतीनं मग आपली अब्रू वाचवायला फाट्यावर पाटी लावली. त्या गाडीला इंग्रजीत कार्ट म्हणतात हे कुणीतरी शोधून काढलं होतं, आणि रंगाऱ्यानं त्याचं आपल्या समजुतीप्रमाणं मराठी केलं: 'सार्वजनिक रस्त्यावर कार्टी चालविण्यास सक्त मनाई आहे.' भाची पाटीखाली उभी राहून वाचत होती. "मावशी, म्हणजे मी आता चालतपण जायचं नाही?" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी एसटी आली नाही. जीप आली. आत मुंगी शिरायला जागा नव्हती. जीपवाला स्वतःच अर्धा दाराबाहेर बसलेला. चौघी पोरी मागच्या शिडीला धरून पायरीवर लटकल्या. माझी भाची सगळ्यात शेवटी. एक पाय पायरीवर, दुसऱ्याला जागाच नव्हती. त्यानं मान मागं वळवून मला धीर दिला, "बाई, आता काळजी सोडा. ही नंबरवाली गाडी आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "उतर खाली!" मी ओरडले. "उतर म्हणते ना! आज जायचं नाही!"

"मावशी, कालचा तास बुडालाय," ती म्हणाली. "आणि लटकायला लायसन लागत नाही."

जीप निघाली. ती चालवायची तेव्हा शेजारी बसून मी जी घाबरायचे, ते घाबरणं काहीच नव्हतं हे मला तेव्हा कळलं. मी तिथंच रस्त्याच्या कडेला खाली बसले.

दुपारी मेहुण्यांचा फोन आला. गाडी पकडल्याची बातमी साइटवर पोचली होती. "आज गयी क्या पोरगी?"

"गेली."

"टाइम पे?"

"टाइम पे."

"बस," ते म्हणाले आणि फोन ठेवला. कशी गेली ते त्यांनी विचारलं नाही. सुरक्षिततेवर घसा फोडणाऱ्या आमच्या ग्रामसभेतही ते पुन्हा कुणी विचारलं नाही. आता ती बारावीला आहे. अजून तशीच जाते.