भाऱ्याची वाट

चिमाकाकी पैज लावणाऱ्यातली बाई नव्हे. एकसष्ट वर्षांत तिनं पैज लावली ती एकदाच, आणि तीही दिराशी, भर बैठकीत, अख्ख्या वाडीदेखत.

तिची वाडी निवेखोलची. राजापूरहून एस.टी.नं तासाभराची वाट, मग पुढं पायी. वाडीच्या मागं डोंगर आणि डोंगराच्या बगलेत घुसळकोंड. वरून धबधबा पडतो आणि खालच्या कोंडीत पाणी असं घुमतं, की कुणी मोठ्या रवीनं ताक घुसळतंय असं वाटावं. म्हणून ते नाव. रत्नागिरीतलं एक भटक्यांचं मंडळ दर श्रावणात हा धबधबा बघायला यायचं. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पात्रातून दगडांवर उड्या मारत ही माणसं वर चढायची, भिजून चिंब परत यायची आणि वाडीतल्या बायकांनी केलेल्या भाकऱ्या आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीवर ताव मारायची. वाडीत वर्षातून दोन सण मोठे, एक गणपती आणि दुसरा हे भटके यायचा रविवार, असं बायका हसून म्हणायच्या.

गेल्या पावसात दरड आली आणि पऱ्याचं पात्र घरांएवढाल्या दगडांनी बुजलं. यंदा मंडळाच्या देवदत्त सरांचा फोन नम्रताला आला. नम्रता म्हणजे चिमाकाकीची सून. माहेर मालगुंडचं, शिक्षण बी.ए., आणि नवरा मुंबईला, त्यामुळे वाडीचे सगळे फोन तिच्याकडे. सर म्हणाले, "दुसरी वाट असली तर पुढच्या रविवारी येतो. नसली तर मात्र तुमचं गाव यादीतून काढावं लागेल. माणसांना दरडीतून नेता येत नाही हो."

त्यावर बैठक बसली. पुरुष देवळाच्या मंडपात, बायका पायरीवर. भागोजीनं, म्हणजे चिमाकाकीच्या धाकट्या दिरानं, एका वाक्यात निकाल दिला. तरुणपणी बंदूक घेऊन हा डोंगर त्यानं पालथा घातलेला, तेव्हा डोंगराच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे शेवटचा.

"कातळाच्या सड्यावरनं माथ्यावर जायची एक वाट हाय, पण ती चार तासांची. ती लोकं तिकडनं कशाला येतात? वाडीतनं सरळ कोंडीवर जायची दुसरी वाट नाय."

"हाय," पायरीवरून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. चिमाकाकी स्वतःच जराशी दचकली.

"कुठली गो वयनी?" भागोजी म्हणाला. "माकडांची?"

"बायकांची. माथ्यावरच्या माळाचं गवत आमी त्याच वाटेनं आणायचो. कोंडीवरनं."

"तीस वरसं झाली गुरं जाऊन! आता रान असं माजलंय की वाघरू पण वाट इचारील. आणि बायकांची वाट असती तर मना दिसली नसती?"

"तुमी सावजं बघत होतात भावजी. वाट बघायला फुरसत कुठं होती?"

मंडपात हशा पिकला. भागोजीच्या मिशा थरथरल्या. "वयनी, तू ती वाट दाखीव. मग चुंबळ मी डोक्यावर घेतो आणि रविवारचं जेवाण मी कोंडीवर पोचवतो!"

चुंबळ म्हणजे डोक्यावर ओझ्याखाली ठेवायचं फडक्याचं वेटोळं. बायकांची वस्तू. निवेखोलात पुरुष ओझं खांद्यावर घेईल, पाठीवर घेईल, पण चुंबळ डोक्यावर घेणार नाही.

"आणि नाय दाखवली तर?" कुणीतरी विचारलं.

"तर पुन्यांदा बैठकीत तोंड उघडणार नाय," चिमाकाकी म्हणाली. म्हटलं तर ही शिक्षा तिला जड नव्हती. आजवर बैठकीत तिनं तोंड उघडलंच होतं कधी? पण आता उघडलं होतं, आणि का कोण जाणे, ते परत मिटून घ्यायची तिची तयारी नव्हती.

सतराव्या वर्षी ती लग्न होऊन या वाडीत आली, तेव्हा गोठ्यात चार गुरं होती आणि नवरा सखाराम मुंबईला. कार्तिक लागला की सासू तिला पहाटे उठवायची. वाडीतल्या आठ-दहा जणी विळा-दोरी घेऊन माथ्यावर जायच्या. वाळलं गवत कापायचं, भारे बांधायचे आणि दुपार टळायच्या आत खाली यायचं. भारा इतका मोठा, की समोरून गवतच चालत येतंय असं दिसायचं. आणि वाटेत भारा उतरवायला, परत चढवायला दुसरं माणूस कुठून आणणार? म्हणून कुण्या जुन्या बायांनी वाटेवर धोंडे रचून ठेवले होते. खाली जांभ्याचे चिरे, वर सपाट कातळ, उंची बरोबर डोक्याएवढी. धोंड्याला टेकायचं, मान जराशी कलती करायची की भारा आपसूक कातळावर. दम खायचा, परत डोकं खाली घालायचं की भारा डोक्यावर. कुणाचे उपकार नकोत.

पुढं गुरं गेली. घरात गॅस आला, तसं लाकडाचंही काम उरलं नाही. वाट रानानं गिळली. सासू गेली, बरोबरच्या बाया एकेक करून गेल्या. त्या वाटेनं चाललेली, वाडीत उरलेली चिमाकाकी आता एकटीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नम्रताला घेऊन निघाली. वाडीमागचं शेवटचं कुंपण ओलांडलं आणि ती थांबली. समोर पुरुषभर उंचीचं हिरवं रान. तीस वर्षांपूर्वी इथं काय होतं ते डोळ्यांना काही केल्या आठवेना.

"आई, काही खूण? एखादं झाड?"

"झाडं तेव्हा पोरं होती, आता त्यांना पोरं झाली," चिमाकाकी पुटपुटली. जरा वेळानं म्हणाली, "डोळ्यांना नाय आठवत. मानेला आठवल."

"मानेला?"

"जिथं मान दुखायला लागायची, तिथं धोंडा असायचा. बायांनी मोजून ठेवलेला. मला भारा दे डोक्यावर, मान सांगल धोंडा कुठं."

नम्रतानं क्षणभर सासूकडं पाहिलं. मग विळा घेतला आणि बांधावरचं गवत कापायला बसली. त्या क्षणी सून आपल्याला भारी आवडली, असं चिमाकाकीनं नंतर कितीदा तरी सांगितलं.

भारा डोक्यावर घेऊन ती चढली. मान दुखली तिथं थांबली. नम्रतानं कोयतीनं झुडपं तोडली. धोंडा नाही. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. हाताला काटे लागले, पायाला जळवा लागल्या. वाडीत कुजबुज सुरू झाली, की काकी उतारवयात डोक्यावर गवत घेऊन रानात हिंडते, सुनेनं तरी आवरावं.

तिसऱ्या दिवशी भागोजी कुंपणाशीच भेटला. मुद्दाम उभा राहिला होता की काय, देव जाणे.

"वयनी," तो लाडीगोडीनं म्हणाला, "ह्ये गवात वर कुठं नेतेस रोज? माळावर कुणाची गुरं बांदल्येत, सांग तरी!"

नम्रता रागानं काहीतरी बोलणार होती. पण चिमाकाकी जागच्या जागी थिजली होती. तिनं सावकाश भारा खाली टाकला आणि कपाळावर हात मारून हसायलाच लागली.

"काय गो, याड लागलं काय?" भागोजी घाबरला.

"भावजी, तुमच्या तोंडात साखर पडो! गवत वर कोण नेतंय? आमी वर जायचो तेव्हा डोक्यावर काय होतं? काय नाय! विळा आणि दोरी! ओझं होतं ते उतरताना. धोंडे उतरणीचे हायत, चढणीचे नाय!"

मानेला आठवत होती ती परतीची वाट. आणि ती मानेला चढणीचं विचारत बसली होती.

शनिवारी पहाटे तिघं निघाली. तिसरा भागोजी. "सड्याची वाट मीच दाखवणार, नायतर तू ती पण हरवशील," असं तो म्हणाला. पण पैज हरायला आपण जातीनं हजर असावं, असं त्याला वाटत असावं. लांबच्या वाटेनं, कातळ तुडवत, धुक्यातून चार तासांनी ती माथ्यावर पोचली. चिमाकाकीचे गुडघे बोलत होते. तिनं त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही.

माळावर गवत कमरेएवढं होतं. नम्रतानं भारा बांधला. चिमाकाकीनं तो उचलून पाहिला. "ओलं हाय. जड होतंय. आमी वाळलं न्यायचो. निम्मं काढ." मग पुन्हा उचलला. "थोडं घाल." जुनी चुंबळ तिनं घरूनच आणली होती, सासूच्या लुगड्याची. ती डोक्यावर ठेवली, भारा चढवला आणि ती उतरायला लागली.

पुढं ती, मागं कोयता परजत भागोजी, शेवटी नम्रता. ती जमिनीकडं बघतच नव्हती. पाय आपले आपण वळत होते, उताराच्या सोयीनं. भाऱ्याखाली पाऊल पडतं ते नेमकं पडतं. मान जड झाली. मग तापली. मग खालून चटका बसल्यासारखी दुखली. ती थांबली.

"हितं."

भागोजीनं कारवीच्या जाळीत कोयता घातला. काही नाही. पुन्हा घातला. काही नाही.

"वयनी..." तो म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला वाईट वाटत होतं.

चिमाकाकी भारा डोक्यावर घेऊन तशीच उभी होती. तीन दिवसांचा शीण एकदम अंगावर आला. बैठकीत पुन्हा तोंड उघडायचं नाही. ठीक आहे. पण धोंडा होता. इथंच कुठंतरी होता. तिनं डोळे मिटले आणि विचार केला, ही मान दुखली ती खरी. पण ही मान कुणाची?

"भावजी, चला अजून. मान साठीची हाय, वाट विशीतली. मी लवकर दमले. धोंडा नाय हलला."

दात खाऊन तिनं पावलं टाकली. दहा. वीस. तिसाव्याला डोळ्यांसमोर काजवे चमकले. "आता!"

भागोजीनं कोयता हाणला आणि रानात आवाज घुमला, ठण्ण!

वेलींच्या जाळीतून हिरवागार शेवाळलेला कातळ वर आला. खाली जांभ्याचे चिरे, जसेच्या तसे. चिमाकाकी पुढं झाली, मान कलती केली, आणि भारा अल्लद धोंड्यावर गेला. तीस वर्षांनी. पाठ धोंड्याला टेकून ती उभी राहिली आणि तिनं पदरानं गाल पुसले.

आता हिशेब कळला होता. मान दुखली की आणखी तीस पावलं. दुसरा धोंडा लगेच मिळाला. तिसऱ्याच्या आधीच आवाज आला, घुर्रर, घुर्रर, मोठ्या रवीचा. तिसरा धोंडा उभा होता तो थेट कोंडीच्या काठावर, तुषारांत न्हालेला. समोर अख्खा धबधबा, माथ्यापासून तळापर्यंत, पांढराशुभ्र. पऱ्यातून चढणाऱ्या माणसाला तो कधीच असा दिसला नव्हता.

"आई शप्पत!" भागोजी म्हणाला. त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं. "सारा जनम ह्या डोंगरात गेला गो माझा."

कोंडीपासून वाडीपर्यंत आणखी दोन धोंडे होते. चढाला तासाभराची, उताराला त्याहून सोपी अशी वाट मागच्या शेवटच्या कुंपणापाशी निघाली. नम्रता दोन दिवस झुडपं तोडत होती तिथून फक्त शंभर पावलांवर. संध्याकाळपर्यंत सगळी वाडी कोयत्या घेऊन त्या वाटेला लागली होती.

रविवारी बावीस जण आले. चिमाकाकी पुढं, रिकाम्या डोक्यानं, काठी टेकत. पहिल्या चढाला आर्या नावाची एक मुलगी पाठीवरच्या मोठ्या पिशवीनं घामाघूम झाली होती. धोंडा दिसला, तशी ती पाठमोरी होऊन त्याला टेकली. पिशवीचा भार आपसूक चिऱ्यांवर गेला आणि खांदे मोकळे झाले.

"काय मस्त जागी आहे हा दगड! कुणी ठेवला?"

"आमच्या बायांनी," चिमाकाकी म्हणाली. "दम लागेल तिथंच ठेवलाय."

देवदत्त सरांनी नकाशावर लिहायला पेन काढलं. "काकी, वाटेला तुमचं नाव देऊ?"

"माझं नको. मी चालले, ठेवली त्यांनी. भाऱ्याची वाट लिहा."

तेवढ्यात मागून हसण्याचा लोंढा आला. वाटेच्या वळणावर भागोजी अवतरला होता. मिशा पिळलेल्या, डोक्यावर चिमाकाकीची ती सासूच्या लुगड्याची चुंबळ, चुंबळीवर भाकऱ्यांची टोपली आणि तिच्यावर उसळीचं पातेलं. मागं वाडीतल्या सगळ्या बायका, कुणी टाळ्या वाजवतंय, कुणी फोटो काढतंय. नम्रता तर फोनवर नवऱ्यालाच दाखवत होती. भागोजीनं धोंडा गाठला, मान कलती करायचा प्रयत्न केला, टोपली लवंडता लवंडता दोघींनी सावरली.

दम घेत, मान चोळत त्यानं विचारलं, "वयनी, पुढचा धोंडा किती लांब गो?"

चिमाकाकीनं काठी उचलली आणि चढाला लागली. मागं वळून न बघता म्हणाली,

"तुमची मान सांगल भावजी!"