एकट्या पोराला तंबू मिळेल का? बेंबळीच्या माळावर दोन दिवस

"ज्या दिवशी तू कुणाशी भांडला नाहीस असा एक दिवस दाखव," ती म्हणाली. आम्ही कळंबच्या स्टँडवर बसलो होतो आणि मी नुकताच हॉटेलवाल्याशी चहात पाणी घातलं म्हणून भांडून आलो होतो, त्यामुळं दाखवायला जवळ काही नव्हतं.

तिचं नाव इथं लिहिणार नाही. तिचे दोन चुलतभाऊ दिवसभर फोनमध्ये डोकं घालून असतात, हा ब्लॉग त्यांच्या हाती लागायला वेळ लागायचा नाही. एवढंच सांगतो की ती धाराशिवला नर्सिंग शिकते, आणि ती हसली की मला गाडीची किल्ली कुठं ठेवली ते आठवत नाही. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. आता वडिलांच्या आडत दुकानात काट्यापाशी उभा असतो. तिच्या घरी स्थळं यायला लागलीत. म्हणून तिनं अट घातली: दोन दिवस कुठंतरी एकट्यानं जायचं, सोबत एकही मित्र नाही, आणि कुणाशी न भांडता परत यायचं. जमलं तर ती वडिलांपुढं माझं नाव काढणार. नाही जमलं तर विषय संपला.

"पण जाऊ कुठं?"

"जिथं तोंड बंद ठेवावंच लागतं तिथं."

अभ्यासिकेतून तर मी पळून आलेलो. राहिलं जंगल. त्याच रात्री मी आयुष्यातला पहिला सफारी कॅम्प शोधायला बसलो.

एकट्यानं पहिल्यांदा जाणाऱ्यांनो, इथं जरा लक्ष द्या, कारण मला हे सांगायला कुणी नव्हतं. पहिला कॅम्प फोटोत झकास होता: पोहायचा हौद, पांढरे पडदे, झाडाला टांगलेले कंदील. भाडं ऐकून मी अत्यंत सभ्यपणे "घरी विचारून कळवतो" म्हटलं. दुसरा स्वस्त निघाला.

"किती जण?" पलीकडून विचारलं.

"एक."

"कपल का?"

"एक म्हणजे कपल कसं होईल, साहेब?"

"मग सॉरी. एकट्या पोरांना आम्ही देत नाही. दारू पिऊन दंगा करतात."

"मी पीत नाही."

"सगळे असंच सांगतात."

माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली. पण फोनवरचं भांडणही भांडणच, असा विचार करून मी फोन तुरीच्या पोत्यावर ठेवला आणि दुकानाला एक चक्कर मारून आलो. परत आलो तर तो माणूस अजून "हॅलो, हॅलो" करत होता.

तिसरा नंबर बेंबळीच्या पुढं माळावर चार तंबू टाकून बसलेल्या बळीराम मामांचा. मी आधीच सांगून टाकलं, "मामा, मी एकटाच आहे."

"मग? एकट्याला भूक लागत न्हाय का? ये की."

तर खरी गोम ही: बहुतेक ठिकाणी तंबूचं भाडं दोघांचं धरतात आणि जीप अख्खी घ्यावी लागते. एकट्याचा खिसा तिथंच फाटतो. भाडं माणशी आहे का आणि जीपमध्ये एक सीट मिळते का, हे दोन प्रश्न आधी विचारा. मामांकडं माणशी नऊशे, दोन वेळचं जेवण धरून. जीपची सीट चारशे, पण दुसरं गिऱ्हाईक असेल तरच. सोलापूरचं एक जोडपं त्याच दिवशी येणार होतं. माझं जमलं.

शनिवारी सकाळी बाइक काढली. कळंबहून ढोकीपर्यंत अंगात असं वारं भरलं होतं की मी हेल्मेटमध्ये मोठ्यानं गात होतो. ढोकीजवळ कारखान्याच्या रस्त्याला मात्र उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो. मागं दोन ट्रॉल्या, रस्त्याच्या बरोब्बर मधून चाल, स्पीकरवर दणदणीत गाणी. हॉर्नला तो ड्रायव्हर हात हलवून दाद देत होता. एरवी मी पुढं जाऊन आडवी गाडी लावली असती. त्या दिवशी मी मागं मागं जात त्याचीच गाणी म्हटली, आणि रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही एकमेकांना हात केला. प्रेमात माणूस काय काय करतो! पुढं धाराशिवला चहा घेऊन बेंबळी. तिथनं मुरमाचा कच्चा रस्ता आहे, बाइक निघते, पण पेट्रोल बेंबळीतच भरून घ्या. माळावर फोनला रेंज नाही, मामाही फोन उचलतात ते बेंबळीत आले की.

माळ म्हणजे काय, तर वाळलेलं सोनेरी गवत, मधून मधून बोरीची झुडपं, आणि आभाळ इतकं मोठं की मी नुसताच गोल फिरून बघत राहिलो. सुमन काकूंनी, म्हणजे मामांच्या घरच्यांनी, आल्या आल्या हातावर गरम हुरडा ठेवला, वर शेंगदाण्याची चटणी. तंबूत खाट, गोधडी आणि एक बल्ब. संडास जरा लांब, पण स्वच्छ. मला तर राजवाडा वाटला.

"एकटाच आलास? सोयरीक जमंना का?" काकूंनी विचारलं.

"जमवायलाच आलोय, काकू."

"हितं? हितं लांडगीशिवाय कोण हाय रं!" आणि त्या स्वतःच इतक्या हसल्या की हुरडा सांडला.

दुपारी उन्हं कलल्यावर जीप निघाली. मामांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. "आदी लांडगं आमची मेंढरं खायचं," ते म्हणाले, "आता आमी लांडग्याच्या जिवावर खातो. फिटंफाट!" पुढच्या सीटवर सोलापूरचे साहेब, मांडीवर तोफेएवढा कॅमेरा. मागं त्यांच्या मिसेस, मी त्यांना वहिनी म्हणू लागलो, आणि मी. मामांचे नियम दोनच: बोलायचं न्हाय आणि खाली उतरायचं न्हाय.

ही जागा अभयारण्य नाही हे ध्यानात घ्या. गेट नाही, तिकीट नाही, गार्ड नाही. जीप कुठवर न्यायची हे चालवणाऱ्याच्या मनावर असतं. मला हे तेव्हा कळलं नव्हतं.

आधी काळविटं दिसली. एक नर उडाला तो असा, की जमिनीशी त्याचा काही संबंधच नाही. मी तोंडावर हात दाबून धरला. मग मामांनी जीप थांबवली आणि हनुवटीनं ओघळीकडं खूण केली. गवतातून ती चालत होती. लांडगी. गवताच्याच रंगाची, लांब पायांची, तोंडात कसलंसं मांस. ती थांबली आणि तिनं आमच्याकडं बघितलं. 

"पिल्लं हायती तिची, त्या ओघळीत," मामा कुजबुजले. "आपून चाकोरी सोडायची न्हाय. जवळ गेलं की ती पिल्लं तोंडात धरून दुसरीकडं नेती. नेता नेता एखादं ऱ्हातंय मागं."

"मामा, जरा खाली घ्या ना," साहेब म्हणाले. "पन्नास पावलं फक्त. उजेड जातोय."

"न्हाय साहेब."

"दोन हजार वर देतो. आणि माझ्या ग्रुपमध्ये दीडशे फोटोग्राफर आहेत, सगळ्यांना तुमचाच कॅम्प सांगतो."

 चार तंबूंपैकी दोन महिनाभर रिकामे होते, हे काकूंनी मला दुपारीच सांगितलं होतं. मामांनी गिअर टाकला आणि स्टिअरिंग फिरवलं. पुढचं चाक गवतात उतरलं.

मी गप्प बसायचं ठरवलं. खरंच ठरवलं. तिचा चेहरा डोळ्यांसमोर आणला, तिच्या वडिलांचाही आणला. आणि मग मी जीपमधून उडी मारली, पळत पुढं गेलो आणि बोनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहिलो.

"नाही जायचं खाली!"

"आरं ए! वर बस!" मामा ओरडले.

"ए बाजूला हो!" साहेब ताडकन उभे राहिले. "पैसे भरलेत मी! तू कोण रे अडवणारा?"

"पैसे भरलेत ते बघायचे, पिल्लं पळवायचे नाहीत! आणि मामा, तुम्हीच आत्ता सांगितलं ना? मग दोन हजारात ते खोटं झालं का?"

पुढं बरंच झालं, सगळं लिहिण्यासारखं नाही. साहेबांनी माझं शिक्षण काढलं, मी त्यांचा कॅमेरा काढला. शेवटी वहिनी म्हणाल्या, "अहो, बसा खाली. घरी आपली मांजर पिल्लं हलवते तेव्हा तुम्हीच दार लावून घेता ना?" साहेब बसले. मी वळून बघितलं तर गवत रिकामं होतं. आपण लांडगीकडं पाठ करून उभे होतो, हे तेव्हा ध्यानात आलं आणि मी झटक्यात जीपमध्ये चढलो.

मामांनी जीप माघारी वळवली. अट मोडली होती. तीही अशी, की अख्ख्या माळाला ऐकू गेली असेल.

सकाळी मामांनी मला जीपमध्ये घेतलंच नाही. "खाली उतरायचं न्हाय म्हटलं हुतं. तू उतरलास. तुजी सीट बंद." सकाळच्या फेरीचे चारशे परत माझ्या हातावर ठेवले. बरोबरच होतं त्यांचं, तरी मला वाईट वाटलं. मी चुलीपाशी बसून राहिलो. काकूंच्या भाकरी, काळ्या मसाल्याचं वांगं, समोर ज्वारीच्या कडेला काळविटांचा कळप चरतोय.

"त्या पोरीला काय सांगणार?" काकूंनी विचारलं. आदल्या रात्री जेवताना मी त्यांना सगळी कथा सांगून बसलो होतो.

"कुणी बघितलंय काकू? भांडलो नाही म्हणून सांगितलं तर?"

"सांग की. आन् मग जल्मभर भांडण न करता ऱ्हा." त्यांनी भाकरी उलटली. "जमंल का?"



जीप परत आली. मामा माझ्याशी न बोलता हातपाय धुवायला गेले. मी बाइक सुरू केली तेव्हा मात्र जवळ आले, रागातच होते. "चाकोरीवरनंच बघितलं. हाय ती तितंच. पिल्लं बी हायती. जा आता."

बेंबळीला रेंज आली आणि तिचा मेसेज पडला: "भांडलास?" मी "नाही" लिहिलं. खोडलं. "उद्या स्टँडवर भेट" एवढंच पाठवलं.

सोमवारी सकाळी ती धाराशिवच्या गाडीसाठी थांबली होती. मी एका दमात सगळं सांगितलं, साहेबांना काय काय बोललो तेही.

"खाली उतरलास?" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की रांगेतल्या लोकांनी वळून बघितलं. "लांडगी समोर असताना? पिल्लांची आई? अक्कल गहाण ठेवलीस का रे तू? काही झालं असतं म्हणजे? मला कुणी सांगितलं असतं?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला भांडायचं सुचलंच नाही. गाडी लागली. ती चढून खिडकीपाशी बसली, माझ्याकडं बघेना. गाडी सुरू झाली तेव्हा तिनं काच सरकवली.

"पिल्लं हलवली का तिनं?"

"नाही. आहेत तिथंच."

 "अट मोडलीस ती मोडलीसच. मी काही तुझं नाव काढणार नाही घरी." गाडी हलली. "रविवारी बाबा घरी असतात. स्वतः येऊन सांग!"

मंडळी, मी स्टँडभर नाचलो. हॉटेलवाल्याचा पाणचट चहा दोन कप प्यालो आणि छान झालाय म्हटलं.

माझ्याकडं लांडगीचा एकही फोटो नाही. जर्किनला अजून चुलीच्या धुराचा वास आहे, आई धुवायला मागते, मी देत नाही. मामांचा कॅम्प एकट्याला परवडतो, काकूंच्या हाताला चव आहे, जरूर जा. फक्त कुठल्याही कॅम्पला फोन कराल तेव्हा भाड्याच्या आधी विचारा: जीप चाकोरी सोडते का? परवा मामांना फोन करून मीही विचारलं. "न्हाय सोडत," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आज शनिवार. जीपपुढं उभं राहताना मला काय बोलायचं याचा विचार करावा लागला नव्हता. उद्याचा विचार मी सोमवारपासून करतोय, आणि "नमस्कार काका"च्या पुढं अजून गेलेलो नाही.