झुरेकची दुसरी वाटी
बरणीत राय धान्याचं पीठ लसणासकट आंबायला लागलं, की श्रूजबरीच्या जुन्या अपार्टमेंटमधला ईस्टरचा रविवार आठवतो. खाली एक पोलिश आजी राहायच्या. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी झुरेक हे आईकडून शिकलेलं आंबट सूप मला शिकवलं. त्या वर्षी पाच दिवस माझ्या ओट्यावर पीठ आंबवून मीच ते केलं. आजींनी समोरच्या मराठी काकूंना बोलावलं होतं, म्हणून सॉसेज न घालता. आम्ही बौद्ध आहोत हे कळल्यापासून काकू माझ्याकडे पाणीसुद्धा पीत नसत. दर वेळी त्यांचा कसला तरी उपवास निघायचा. आजींच्या टेबलावर मात्र त्यांनी मिटक्या मारत सूप संपवलं आणि "अगदी आपल्या आंबिलीसारखं लागतंय गं," म्हणत दुसरी वाटी घेतली. आजी खूश होऊन म्हणाल्या, "मी काहीच नाही केलं, सगळं हिने तिच्या किचनमध्ये केलंय." काकूंचा चमचा वाटीतच राहिला. "मला ना, ॲसिडिटी होते," म्हणत त्यांनी भरलेली वाटी बाजूला सारली. त्या गेल्यावर आजींनी चाचरत विचारलं, "फार आंबट झालं होतं का?" खरं सांगायचं तर सुरुवात कुठून करणार? मी "हो" म्हणाले. पुढच्या ईस्टरला आजींनी पीठ दोनच दिवस आंबवायला लावलं. सूप पाणचट झालं, काकू आल्याच नाहीत, आणि आम्ही दोघींनीच ते संपवलं. आता आजी नाहीत. मी पुन्हा पूर्ण पाच दिवस आंबवते. तुमच्या आईची रीत बरोबर होती, एवढं त्यांना सांगायचं राहूनच गेलं.