नरसाळ्याची वाघीण

लढाई संपून माझा थोरला भाऊ पलटणीतून घरी आला, तेव्हा मी मिरजेला मालगाडीच्या वाघिणी दुरुस्त करणाऱ्या शेडमध्ये फिटर होतो. आमचं गाव ताकारी स्टेशनाजवळ, रुळापासून हाकेच्या अंतरावर. भाऊ आला तो वाळून, आणि पहिल्यासारखा बोलेनासा झाला होता. थोड्याच दिवसांत त्याला रेल्वेच्या खडीच्या गाडीवर हंगामी काम मिळालं. "आता लांब जायाचं न्हाई," एवढंच तो वहिनीला म्हणाला. त्या दिवशी वहिनीनं पुरण शिजवलं होतं.

रुळाखालची खडी पावसाळ्यात चिखलात रुतत जाते. ती भरून काढली नाही तर रूळ खचतो. लढाईच्या वर्षांत हे काम मागं पडलं होतं. आमच्या लहान रुळावरच्या, म्हणजे मीटरगेजच्या, कितीतरी वाघिणी बोटीत घालून परमुलखात नेल्या होत्या. उरल्या त्या साध्या उघड्या, जुन्या. खाणीवर बायका पाट्यांनी खडी भरायच्या आणि लाईनीवर गडी ती फावड्यांनी खाली ओढायचे. गाडी रिकामी होईपर्यंत लाईन अडकून पडायची.

मग खडीसाठी हॉपर वाघिणी आल्या. त्यांचा तळ सपाट नव्हता. पत्रे आतल्या बाजूला उतरत जायचे, तळाशी लोखंडी झडपा आणि त्या उघडायला बाहेर हातचाक. चाक फिरवलं की खडी आपल्याच वजनानं रुळात पडायची. गड्यांनी तिला नरसाळं म्हणायला सुरुवात केली, आणि लवकरच त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना घरी बसवलं. भाऊ तगला, कारण तो पलटणीत असलेला, हुकूम ऐकणारा.

शेडमधले जुने मिस्त्री सांगायचे, की मोठ्या रुळावर कोळशासाठी अशा वाघिणी आधीपासून आहेत. तिथं डबा उंच करता येतो, म्हणून पत्र्याला चांगला उतार देता येतो. आमचा रूळ अरुंद. डबा उंच केला तर वळणावर कलंडायची भीती, म्हणून उतार कमी ठेवलेला. कोरडी खडी त्यावरून सहज घसरायची. ओली, मातकट खडी मात्र पत्र्याला धरून बसायची. झडपेच्या वर तिची कमान तयार व्हायची, आणि झडप सताड उघडी असली तरी दगड खाली येत नसे.

त्या साली पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला. झडपा अडकतात अशी तक्रार आली म्हणून मला खडीच्या गाडीबरोबर पाठवलं होतं. ताकारीच्या पुढं गाडी उभी राहिली, झडप उघडली, थोडी खडी पडली आणि थांबली. मुकादम घड्याळ काढून उभा होता.

"मागं मालगाडी थांबलीया," तो म्हणाला. "लाईन मोकळी करा गड्यांनो."

भाऊ पहार घेऊन वर चढला. मी खाली हातचाकापाशी होतो.

"दादा, आत उतरू नको. कडंवरनंच ढोस."

"कडंवरनं पहार पोचत न्हाई रं," तो म्हणाला. "दोन ढोसं देतो आन् येतो."

पहारीचे ठोके ऐकू आले. मग आतली खडी एकदम बसली. वर चढून पाहिलं तर भाऊ छातीपर्यंत गाडला गेला होता, चेहऱ्यावर सगळी धूळ. एक गडी घाईनं चाकाकडे धावला. मी त्याला ओरडून थांबवलं. झडप आणखी उघडली असती तर भाऊ खाली ओढला गेला असता. मिटायला गेलो तर फटीत दगड बसलेले, चाक जागचं हलेना.

आम्ही घमेल्यांनी खडी उपसू लागलो. उपसावी तेवढी बाजूनं पुन्हा घसरायची. शेवटी गार्डाच्या डब्यातल्या फळ्या उचकटून आम्ही त्याच्याभोवती उभ्या ठोकल्या आणि त्या चौकटीच्या आत हातांनी दगड काढत गेलो.

"पाय कशात तरी घावलाय," भाऊ हळू म्हणाला. "धरलाय कुणी तरी."

"निघंल आता."

"मला कळतंय रं. तू काड."

बाहेर काढला तेव्हा दिवस कलला होता. पाय झडपेच्या काठात सापडून चेंगरला होता. इंजिनाला गार्डाचा डबा तेवढा जोडून आम्ही त्याला मिरजेला नेलं. इस्पितळात गुडघ्याखालून पाय काढावा लागला. दुसऱ्या दिवशी वहिनी आली. पायाशी पांघरूण सपाट पडलं होतं, तिकडं तिनं पाहिलं नाही. "आवं, पानी देऊ का?" असं ती त्याला विचारत राहिली.

तो हंगामी होता, त्यामुळं पुढं रेल्वेत त्याला काही जागा मिळाली नाही. वाघिणीत कुणी उतरायचं नाही असा हुकूम निघाला. कडेवरून पोचतील अशा लांब सळया शेडमध्ये झाल्या. त्या घडवायचं काम माझ्याकडेच आलं.

एकदा सुट्टीत घरी गेलो असताना भावानं विचारलं, "त्या नरसाळ्याचा उतार असा कमी का ठेवला?"

मी जमिनीवर काडीनं रेघा ओढून रुळाची रुंदी, डब्याची उंची, वळण सगळं समजावलं. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"म्हंजी उतार वाढवला असता तर गाडी पडली असती."

"व्हय."

"मग ठीक हाय," तो म्हणाला, आणि कुबडी ओढून उठला.

त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. घरी बसून दोर वळायचा, कुणी आलं तर जरा बोलायचा. वहिनी दुसऱ्यांच्या उसातलं तण काढायला, भांगलणीला जाऊ लागली. कुबडीशिवाय तो परसापर्यंतही जाऊ शकत नसे, आणि रुळाच्या बाजूचं दार त्यानं दिवसा लावून घ्यायला सुरुवात केली. घरात त्यामुळं अंधार असायचा. वहिनी दिवसाही चिमणी लावून भाकरी थापायची.