सव्वादहाची नोंद

परवा डोंबिवलीत दवाखान्याच्या जिन्यात स्पिरिटचा वास आला आणि कोलशेतचं जुनं ऑफिस आठवलं. खिडकीतून खाडीचा खारट वारा यायचा, टेबलावरचे कागद उडायचे. तिथे आम्ही एका हॉस्पिटलसाठी ॲप बनवत होतो. त्यात कोणी काहीही केलं की लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, एक ओळ लिहिली जायची. दिवसाला लाखो ओळी. त्या क्लाउडवर कुठे ठेवायच्या, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलेलं. मी निवडलेल्या स्वस्त साठ्यातून काही परत मागवायचं तर अर्धा दिवस लागायचा. "जुने लॉग बघतंय कोण?" मी म्हटलं. कळव्याहून येणाऱ्या आमच्या सीनियर मॅडम म्हणाल्या, "अरे, ज्याच्यावर बालंट येईल तो बघेल ना! निदान तीन महिन्यांचे तरी लगेच सापडतील असे ठेव." मी कुरकुरत तसं केलं. पुढे महिन्याभरातच हॉस्पिटलमधल्या एका नर्सताईंचा फोन आला. पेशंटला इंजेक्शन दिलंच नाही, असा त्यांच्यावर आरोप होता आणि तासाभरात चौकशी होती. मी शोधलं, पाच मिनिटांत ओळ सापडली. ताईंनी दोन आठवड्यांपूर्वी सकाळी सव्वादहाला इंजेक्शन दिल्याची नोंद केलेली. आमच्याच चुकीमुळे ती पेशंटच्या पानावर दिसत नव्हती. चूक कबूल करून मी ती ओळ लगेच पाठवली. संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन आला, "दादा, सुटले हो मी!" आणि त्या रडायलाच लागल्या. त्यांना मी कधी पाहिलं नाही. पण एवढ्या वर्षांत कुठलं काम मनासारखं झालं असं कोणी विचारलं, तर मी हेच सांगतो, आणि ती कल्पना मॅडमची होती हेही सांगतो.